तुझ्या गावचं कोर्ट

९ जानेवारी

बारके,

काल तुझ्या गावात येऊन गेले. फोन केला नाही. केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मला काय बोलायचं ते सुचलं नसतं. दोघींचाही त्रास वाचवला.

अकरा तास बस. सकाळी उतरले, स्टँडवर तोंड धुतलं, कपडे बदलले, दहाच्या ठोक्याला कोर्टात. आपलं नाव पुकारलं ते दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. आत गेले, बाहेर आले, पुन्हा घड्याळ पाहिलं तर तीन बारा. परत अकरा तास बस. दोन मिनिटांसाठी बावीस तास. कापडाचा असा हिशेब मी लावला असता तर शिलाईचं दुकान पहिल्याच वर्षी बंद पडलं असतं.

चौथ्या मजल्यावरचा तो व्हरांडा तू पाहिला आहेस का? एका बाजूला बाकं, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाटं, मधून शिपाई फायली घेऊन जाणार आणि प्रत्येक वेळी आपण पाय आत घ्यायचे. सव्वीस जण होतो. सगळे एकाच फायनान्स कंपनीचे देणेकरी, आणि एकही जण त्या गावचा नाही. एक टेम्पोवाला, एक निवृत्त मास्तर, एक ब्यूटी पार्लरवाली. पार्लरवाली म्हणाली, "बघा ना, सगळे बॅगा घेऊन बसलेत. लग्नाला आल्यासारखं वाटतंय. नवरदेव तेवढा काळ्या कोटात." तेवढ्यात कंपनीचा वकील चाकांची बॅग ओढत आला. सव्वीस खटले त्या एका बॅगेत. आम्ही सगळे हसलो. त्याला वाटलं, आपल्याला पाहून हसतायत. बरोबरच वाटलं त्याला.

तुला नोटीस आली आहे, म्हणजे कागदावरचं सगळं तुला माहीत आहे. तरी माझ्या तोंडून ऐक. साडेतीन वर्षांपूर्वी मी भरतकामाचं मशीन घेतलं, गणवेशाच्या खिशावर शाळेचं बोधचिन्ह काढणारं. त्यासाठी चार लाख कर्ज. दोन वर्षं हप्ते वेळेवर भरले. मग दोन मोठ्या शाळांनी गणवेशाचं काम ठेकेदाराला दिलं आणि मी अडकले. हप्ते थांबले त्याला आता अठरा महिने झाले. कंपनी दहा लाख पंचेचाळीस हजार मागते आहे. निकाल त्यांच्या बाजूने लागला तर मशीन जाईल, दुकानाचा गाळा जाईल, आणि तुझ्या पगारालाही हात लागेल, कारण जामीनदार म्हणून तुझं नाव आहे.

कंपनीचं ऑफिस माझ्या दुकानापासून तीन गल्ल्या सोडून, औषधाच्या दुकानावर. करार माझ्या कापड बेतायच्या टेबलावर झाला. मशीन माझ्याकडे, मी इथे. आणि खटला तुझ्या गावात! करारातलं एकोणिसावं कलम म्हणतं, वाद कंपनी ठरवेल त्या गावच्या न्यायालयात चालेल. आमच्या वकीलबाई म्हणतात, नुसतं कागदावर लिहून कुठल्याही कोर्टाला अधिकार मिळत नाही, त्या गावाचा काहीतरी संबंध लागतो. इथे संबंध एकच. तुझा पत्ता. लांबच्या गावी खटला टाकायचा, निम्मे लोक येतच नाहीत, मग एकतर्फी निकाल घ्यायचा, असं त्यांचं चाललेलं असतं.

वकीलबाई काही अकरा तास बसने येणार नाहीत, आणि आणायचे पैसे माझ्याकडे नाहीत. त्यांनी मला अर्ज लिहून दिला आणि बजावलं, "पहिल्याच तारखेला जागेची हरकत घ्यायची. व्याजाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. व्याजावर वाद घातलात की हे कोर्ट तुम्हाला मान्य आहे असा अर्थ होतो." म्हणून मी काल अर्ज दिला आणि तोंड दाबून बाहेर आले.

तूही ये. एवढीच हरकत घे की या खटल्याचा या गावाशी संबंध नाही. २० फेब्रुवारीला तारीख आहे. सहीचा विषय काढायची गरज नाही. त्यावर आपलं फोनवर बोलणं झालंय, ते पुन्हा उकरण्यात अर्थ नाही.

आई बरी आहे. गुडघा सोडून.

ताई


२२ फेब्रुवारी

बारके,

जज रजेवर. दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीखाली आम्ही सव्वीस जण. नाही, एकोणीस. सात जणांनी बहुतेक नाद सोडला. मास्तर आले नव्हते. पार्लरवाली चिठ्ठी वाचून म्हणाली, "मी रजा घेतली की माझं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. यांचं गिऱ्हाईक कुठे जाणार?"

कंपनीच्या वकिलाने मला जिन्याजवळ गाठलं. अगदी घरच्यासारखा आवाज. "ताई, कशाला दगदग करता? आठ लाख द्या, आज मिटवतो." मी म्हटलं, आठ लाख असते तर मी तुमच्या दारात आले असते का? त्यावर तो हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे नसतील. पण बहीण आहे की पगारदार."

हे तुला लिहायचं नव्हतं. पण हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार?

तू आली नाहीस. तुझे मिस्टर आले होते. त्यांनी तुला सांगितलं की नाही, माहीत नाही. गेटपाशी उभे होते. "ताई, जेवलात?"

"डबा आणलाय."

"डबा बसमध्ये खा. चला."

समोरच्या खाणावळीत बसलो. त्यांनी आधी आईच्या गुडघ्याचं विचारलं, मग दुकानाचं, मग बराच वेळ पाण्याचा ग्लास फिरवत बसले. मग म्हणाले, "तिच्या ऑफिसात कागद आलाय. पगार किती, कधी होतो, सगळं कोर्टाला कळवा म्हणून. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. घरीही काही म्हणत नाही. ताई, एक विचारू? रागावू नका. ती सही तिने कुठे केली?"

"आमच्याकडे. आईच्या ऑपरेशनला आली होती ना, तेव्हा."

"ऑपरेशन मार्चमध्ये झालं. करारावर जुलै आहे."

मी म्हटलं, तारीख त्यांनी नंतर घातली असेल. ते म्हणाले, "असेल." आणि बिल दिलं. मला देऊ दिलं नाही.

मला त्यांचा राग आला. इतक्या सभ्यपणे कुणी कुणाला बोलतं का? तुझ्यासारखे तडकले असते तर मीही चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते.

घरी आले तर आई वाट बघत बसलेली. "भेटलीस तिला?" नाही म्हटलं. "एका गावात होतात आणि भेटला नाहीत? मग मी दोन कशाला जन्माला घातल्या? एकीवर भागलं असतं."

पुढची तारीख २८ मार्च. तू काहीतरी लेखी दे. काहीही दे.

ताई


३० मार्च

बारके,

आज मी चिडून लिहिते आहे, आणि चिडूनच वाच.

आधी व्याजाचं सांगते, कारण ते ऐकायला त्या इमारतीत कुणाला वेळ नाही. चार लाखांवर महिना तीन टक्के. म्हणजे महिन्याचं व्याजच बारा हजार. आणि मला हप्ता सांगितला होता अकरा हजार. कळलं तुला? मी दोन वर्षं इमानदारीत अकरा-अकरा हजार भरत होते आणि कर्ज फिटण्याऐवजी दर महिन्याला वाढत होतं. उरलेला हजार ते मुदलात मिळवायचे, त्यावर पुन्हा व्याज. कंपनीचा तो वसुलीवाला, ज्याला आई गोडबोल्या म्हणते, तो पावती देताना दर वेळी म्हणायचा, "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं हवीत." मला मेलीला आनंद व्हायचा! हप्ते थांबल्यावर महिना दोन टक्के दंड वेगळा, आणि दंडावर व्याज. दोन लाख चौसष्ट हजार भरून झालेत, बारके. मुदलातला रुमालाएवढा तुकडासुद्धा सुटला नाही.

अतोनात व्याज असेल तर कोर्ट ते कमी करू शकतं, असं वकीलबाई म्हणतात. पण योग्य कोर्ट. आणि योग्य कोर्ट कुठलं, यातच तीन महिने गेले.

परवा माझा तोल गेला. जजबाई समोर होत्या, माझ्याच वयाच्या असतील, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी म्हणाले, "मॅडम, एकच मिनिट, हे व्याज बघा." त्यांनी माझा अर्ज उचलून दाखवला. "बाई, यात तुम्हीच लिहिलंय की मला हा खटला ऐकायचा अधिकार नाही. मग व्याजाचं मला कशाला सांगता?"

मागे लोक हसले. मीही दुसऱ्या कुणाचं असतं तर हसले असते.

मग त्या म्हणाल्या, "जामीनदार याच शहरात राहतात. जामीन खरा असेल तर खटला इथे चालू शकतो. त्यांचं काय म्हणणं?" तेव्हा मला कळलं की तू लेखी उत्तर दिलं आहेस. वाटलं, सुटलो आपण! कारकुनाने वाचलं. एक ओळ.

"करारावरील सहीबद्दल मला काहीही सांगायचे नाही."

"म्हणजे नाकारत नाहीत," जजबाई म्हणाल्या, आणि कंपनीच्या वकिलाने मान अशी डोलावली जशी काही ती ओळ त्यानेच तुला सांगितली होती. आता २४ एप्रिलला निर्णय.

इतका राग? अगं, तुझा पगार जाणार आहे, माझं दुकान जाणार आहे, आणि तुला काही सांगायचं नाही? एक ओळ लिहिलीस, तर तीच सरळ लिहायची. "ही सही माझी नाही" एवढं लिहिलं असतंस तर

हे वाक्य मी लिहिलं खरं. खोडत नाही. तू वाचलंच आहेस.

ताई


१६ एप्रिल

बारके,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, तारखेच्या आधी तुला मिळायला हवं.

वकीलबाईंकडे गेले होते. तुझी ती ओळ त्यांना दाखवली आणि तुझ्याबद्दल खूप बोलले. बोलू नये असंही बोलले. त्या ऐकत होत्या, एकीकडे फाइलला दोरा बांधत होत्या. मी दमल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, सही तिची नाही ना?"

मी त्यांच्या हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिले.

"मग तिने 'माझी नाही' असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग कुणाची? आणि ते कुणावर आलं असतं? ती तुमच्यावर रुसली असती तर एव्हाना सुटून मोकळी झाली असती. पगार पणाला लावून गप्प बसली आहे ती, तुम्हाला वाचवायला. तुमच्या लक्षात येत नाही, का आणायचं नाही?"

त्यांची फी मी अजून दिलेली नाही, नाहीतर मागितलीच असती परत.

आता ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

त्या दिवशी गोडबोल्या दुकानात बसला होता. टेबलावर दोनशे शर्टांचं कापड पसरलेलं, त्यावरच त्याने कागद ठेवले. म्हणाला, जामीनदार पगारदार लागतो, आज सही झाली तर उद्या पैसे. मी तुला फोन लावायला हात पुढे केला होता. खरंच केला होता. मग वाटलं, तू ऑफिसात असशील, कशाला त्रास. आणि मी तुझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि खाली तुझी सही केली. अगदी सहज. खडूने खूण करावी तशी.

कारण तुझे फॉर्म मीच भरायचे ना गं. शाळेचा, कॉलेजचा, स्पर्धेचा, पहिल्या नोकरीचा. फॉर्म दिसला की तू खुर्चीत पाय वर घ्यायचीस, "ताई, कर ना." सहीसुद्धा मीच करायचे, कारण तू खेळायला पळालेली असायचीस. पुढे तुला स्वतःची सही लागली तेव्हा तू माझीच उचललीस. त्यामुळे कंपनीलाच काय, तुलाही फरक ओळखता आला नसता. मला त्या क्षणी आपण काही खोटं करतोय असं वाटलंच नाही. मला वाटलं, बारकीचा फॉर्म भरतेय. तू चाळिशीला आलीस, तुला संसार आहे, तुझं नाव आता माझं काम नाही, हे माझ्या हाताला कुणी कळवलंच नव्हतं.

हे झालं सहीचं. त्याला चूक म्हणता येईल. पण तुला नोटीस आली आणि तू फोन करून विचारलंस, "ताई, मी कधी सही केली?" तेव्हा मी म्हणाले, "केलीस की. आईच्या ऑपरेशनच्या गडबडीत. तू विसरलीस." आणि तू म्हणालीस, "असेल." ती चूक नव्हती. तिथे मी घाबरले आणि तुला तुझ्याच डोक्याबद्दल शंका घ्यायला लावली. वर सव्वा वर्षं तुझ्यावरच रुसून बसले.

२४ तारखेला मी कोर्टात सांगणार आहे. वकीलबाईंनी काय होईल ते समजावलंय. जामीन खोटा ठरला तर तू सुटशील, खटला त्या गावातून निघेल. आणि माझ्यावर खोट्या सहीची तक्रार होऊ शकते. त्या म्हणाल्या, "पुन्हा विचार करा." मी म्हटलं, तोच तर सव्वा वर्षं करतेय.

तू यायलाच हवं असं नाही.

ताई


२ मे

बारके,

तू मागच्या बाकावर होतीस. निळा दुपट्टा. मी वळले नाही, पण मला माहीत होतं. तिथवर ऐकू आलं नसेल म्हणून लिहिते.

जजबाईंनी करार माझ्यापुढे धरायला सांगितला. "ही सही कुणाची?"

"तिची. म्हणजे मी केलेली."

"त्यांना न विचारता?"

"हो."

"का?"

अकरा तास बसमध्ये मी एवढं मोठं उत्तर पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "सवयीने." त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. चार तारखांत पहिल्यांदा. कंपनीचा वकील उठून म्हणाला की हे सगळं बनाव आहे, बहिणी-बहिणींनी ठरवून केलंय. त्यावर त्यांनी तुला पुढे बोलावलं.

पुढचं तुला माहीत आहे. "ही सही तुमची?" "नाही." "मग लेखी उत्तरात का नाही सांगितलंत?" आणि तू म्हणालीस, "ताईने सांगावं म्हणून थांबले होते."

मला वाटलं, आता तरी व्हरांड्यात आपण दोघी धड बोलू. पण तू पर्स काखोटीला मारून घड्याळ बघत होतीस, अर्ध्या दिवसाचीच रजा होती. म्हणालीस, "विचारलं असतंस तर केली असती. वाचूनसुद्धा बघितलं नसतं." मग म्हणालीस, "बस कितीची?"

"साडेपाचची."

"चुकवू नकोस." आणि गेलीस.

निर्णय त्यानंतर आला, चार वाजता. तुझ्यावरचा जामीन ग्राह्य धरता येत नाही. या न्यायालयाला अधिकार नाही. दावा परत, योग्य त्या न्यायालयात दाखल करावा. तुझ्या ऑफिसला गेलेला कागद रद्द. प्रत सोबत पाठवते, साहेबांच्या टेबलावर ठेव, जरा आवाज होईल अशी ठेव.

पार्लरवालीने निकाल ऐकून माझा हात दाबला. "तुम्ही सुटलात इथून." आणि मग तिचं नाव पुकारलं.

सुटले म्हणजे काय, तर सगळं पहिल्यापासून. कंपनी आता इथे खटला टाकेल. आमचं कोर्ट दुकानापासून चालत सात मिनिटांवर आहे. अठ्ठ्याऐंशी तास बसमध्ये घालवून मी सात मिनिटं जिंकले. व्याजाचा 'व'सुद्धा अजून कुणी उच्चारलेला नाही, आणि त्या चार महिन्यांचं व्याज मात्र त्यांनी लावलंच असेल. वकीलबाई म्हणतात इथे ते बरंच खाली येईल, मुदलाएवढ्यावर मिटलं तरी गाळा वाचेल. बघू. सहीची तक्रार त्यांनी केली आहे. काल पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. हवालदाराने विचारलं, "बहिणीची तक्रार आहे का?" मी म्हटलं, तिची खूप असेल, पण तुमच्याकडे नाही.

आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गुडघा दुखतोय," म्हणजे बोलली.

एक गोष्ट राहिली. ती लिहायला मी हे पत्र तीन दिवस अडवून ठेवलं आहे. जानेवारीपासून मी त्या बसला, त्या स्टँडला, त्या चौथ्या मजल्याला शिव्या देत होते. पण तारीख होती म्हणून मी तुझ्या गावात येत होते. तुझ्या रस्त्याने दोनदा चालून गेले, तुझ्या खिडकीत कपडे वाळत होते, तुझ्या नवऱ्याच्या शर्टाची कॉलर उसवली आहे. आता तारीख नाही. निकालाने तेवढं एक निमित्त काढून घेतलं.

काम काही नाही. सही नको, कागद नको, साक्ष नको. तरी विचारते.

येऊ का?

ताई